नळकाकांची हवेची नळी

नळकाकांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरी पाणी आणलं, पण त्या घरांतलं पाणी ते स्वतः कधी प्यायले नाहीत. कारण साधं होतं. नळ दुरुस्त करणारा माणूस घरात शिरला की आधी मुख्य कॉक बंद करतो. त्यामुळे काका ज्या घरात पाऊल टाकायचे, त्या घरात तेवढ्यापुरतं पाणीच नसायचं. घरातल्या बाईनं रीतीप्रमाणे विचारलंच, "पाणी देऊ का?" तर मोरीतून काकाच ओरडायचे, "कुठून देणार?" शिवाय प्यायलेलं पाणी कधीतरी बाहेर येणार, आणि ज्या घरातला संडास आपणच उकलून ठेवलाय, त्या घरात ते सोडायचं कुठे? म्हणून सकाळी निघताना एक पेला आणि संध्याकाळी आल्यावर एक पेला, एवढ्यावर काकांचं शरीर चाळीस वर्षं चाललं. निवृत्त झाल्यावरही त्या शरीराला कुणी नवीन नियम कळवले नाहीत.

चौसष्टाव्या वर्षी पोट सुटू नये म्हणून काका रविवारच्या मंडळींबरोबर डोंगर चढायला लागले. मंडळी म्हणजे काका धरून अकरा जण. त्यांच्या म्होरक्या मास्तरीणबाई. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. मंडळींत काकांचा एक शाळासोबतीही होता. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणायचे. सेकंदकाटा चिमट्यात धरणाऱ्या या माणसाला कुणाचीही गोष्ट पोटात धरता यायची नाही.

मागच्या महिन्यात भर चढणीवर काका एका खडकाला टेकले आणि त्या खडकाला अगदी अदबीनं म्हणाले, "वहिनी, वरचा कॉक बंद करा जरा." मग डोळे पांढरे करून खालीच बसले.

"खडकानं काही कॉक बंद केला नाही," घड्याळजी पुढचे पंधरा दिवस गावभर सांगत होता.

मास्तरीणबाईंना मात्र हसू आलं नाही. पुढच्या महिन्यात कड्याच्या माथ्यावरून तीन दिवस चालायचा बेत होता आणि त्यातल्या दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता. त्यांनी काकांना बाजूला घेतलं.

"काका, येत्या रविवारी सरावाची चढण आहे. दोन लिटर पाणी पाठीवर घ्यायचं आणि नळीतून घोट घोट प्यायचं. खाली आलो की मी पिशवी काट्याला लावणार. रिकामी निघाली तर तुमचं नाव यादीत. नाहीतर तुम्ही घरी, आम्ही कड्यावर."

"बाई, एवढं पाणी माणूस पितो? की टाकी?"

"माणूस पितो. टाकी नुसती भरून ठेवते. तुम्ही ठरवा तुम्ही कोण ते."

काकांना कड्यावर जायचंच होतं. दोन वर्षं त्यांचं हुकलं होतं, एकदा गुडघ्यामुळे आणि एकदा ऐन निघायच्या दिवशी फुटलेल्या कुणाच्यातरी पाइपामुळे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या बेसिनखाली मान मोडून जग बघितलं होतं. आता एकदा, फक्त तीन दिवस, त्यांना ते वरून बघायचं होतं.

पाठीवरची पिशवी काकूंनी आणली. काका पेपर वाचत होते. त्यांच्या मांडीवर एक लांबट, मऊ, पारदर्शक पिशवी येऊन पडली. तिला खालून एक लांब नळी होती, नळीच्या टोकाला रबरी बोंडूक होतं आणि ते सगळं आत बसवायला एक सडपातळ दप्तर.

"हे काय?"

"पाठीवरचं सलाईन," काकू म्हणाल्या. "शुद्धीत असताना लावलं की बेशुद्ध झाल्यावर लावावं लागत नाही."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पिशवी उलटी केली, सुलटी केली, नळीला डोळा लावून आरपार बघितलं.

"तोटी कुठंय?"

"ते रबर आहे ना, तेच. तोंडात धरायचं."

"आणि बंद कसं करायचं?"

"आपोआप बंद होतं म्हणे."

"आपोआप बंद होणारा नळ असता तर माझा संसार चालला असता का?"

काकांनी पिशवी भरली, वरचं झाकण आवळलं, पाठीवर घेतली, बोंडूक ओठांत धरलं आणि ओढलं. काही नाही. आणखी जोरात ओढलं. गाल आत गेले, कानशिलं लाल झाली, पाणी जागचं हललं नाही.

"त्या कागदावर काहीतरी छापलंय बघा," काकू म्हणाल्या.

"छापणाऱ्यानं कधी पान्हा धरलाय का हातात? मला कळलं काय झालंय ते. हवा नाही." काका एकदम खुशीत आले, कारण आजार ओळखीचा निघाला होता. "अगं, गच्चीवरची टाकी वरून गच्च बंद केली तर खाली पाणी येतं का? नाही येत. जेवढं पाणी बाहेर जाणार तेवढी हवा आत यायला हवी. म्हणून टाकीला वर हवेची नळी लागते. या शहाण्यांनी टाकी दिली, पाइप दिला आणि हवेची नळीच विसरले!"

"एवढी मोठी कंपनी विसरली?"

"कंपन्या विसरतात म्हणूनच तर मला कामं मिळाली."

मग जेवणाचं टेबल या कामात गेलं. माशांच्या टाकीत हवा सोडतात तसली बारीक नळी माळ्यावरच्या पेटीतून निघाली. काकांनी सुई लाल होईपर्यंत तापवली, पिशवीच्या वरच्या कडेजवळ नेमकं गोल छिद्र पाडलं, नळी आत सरकवली, भोवती वॉशर बसवला, त्यावर चिकटवायचं सोल्यूशन लावलं आणि रात्रभर वाळू दिलं. काम असं सुबक की छिद्र पाडलंय हे सांगूनही खरं वाटू नये. सकाळी नळीचं मोकळं टोक खांद्याच्या पट्ट्यावर उंच धरून कपड्यांच्या चिमट्यानं अडकवलं.

"टाकीची हवेची नळी नेहमी टाकीपेक्षा उंच," ते काकूंना समजावत म्हणाले आणि त्यांनी बोंडूक तोंडात घेतलं. ओढलं. काही नाही.

काकांचा संताप झाला. संतापले की ते दात आवळायचे. तसे आवळले, आणि पाण्याची अशी पिचकारी घशात गेली की ठसका लागून त्यांनी अख्ख्या ओट्यावर सडा घातला.

"बघि... बघितलंस? हवा!"

काकूंनी त्यांच्या पाठीमागे तो छापील कागद उघडलेलाच होता. त्यात पहिलीच ओळ होती: रबरी तोंड दातांनी हलकेच दाबून पाणी ओढावे. त्यांनी ती वाचली, खोकणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं, कागदाची नीट घडी घातली आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिली. नवरा इतका खुश रोज कुठे असतो?

रविवारी पायथ्याशी मास्तरीणबाईंनी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. "आतली हवा पिळून काढा, नाहीतर पाठीवर डुचमळत राहील," म्हणाल्या. काकांनीही पिळून काढली. पाणी थेट वरपर्यंत आलं. शिट्टी वाजली, मंडळी निघाली.

पहिला तास झकास गेला. काका चार घोट प्यायले. एकेका घोटाला मागे वळून घड्याळजीला दाखवत होते. मग आला एक उभा, खडकाळ टप्पा. तिथे हातापायांवर रांगत चढावं लागतं. एका झुडपानं चिमटा ओढून घेतला. हवेची नळी खांद्यावरून सुटली, पाठ आणि दप्तर यांच्या फटीतून खाली घसरली आणि तिचं टोक काकांच्या पँटच्या पट्ट्यात जाऊन विसावलं. काकांना यातलं काही कळलं नाही. पाठीला गारवा लागला तेव्हा त्यांना वाटलं, वारा सुटला.

घड्याळजी बरोबर त्यांच्या मागे होता.

"अरे."

"काय?"

"काही नाही." तो दहा पावलं चढला. "अरे, ऐक ना."

"बोल की."

"माझ्या मेव्हण्यालाही होतं."

"काय होतं?"

"वय झालं की होतं. त्यात लाजायचं काय! एक चांगला डॉक्टर आहे. मेव्हणा आता खोकतोसुद्धा बिनधास्त."

काकांनी हात मागे नेला. पँट कमरेपासून मांड्यांपर्यंत चिंब.

"घाम आहे," काका म्हणाले.

"कमरेच्या खाली?"

"माझा तसाच येतो."

"बरं बरं," घड्याळजी फारच मायेनं म्हणाला. त्याला इतकं मायाळू झालेलं काकांनी पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं.

पुढच्या वळणावर एका झाडाआड जाऊन काकांनी पट्ट्यात बोट घातलं आणि बोटाला नळी लागली. ठिबकतही नव्हती, धार लागली होती. काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाकीतली नळी, वरून निघालेली, टोक टाकीच्या खाली लोंबतंय. चाळीस वर्षं टाक्या उपसायला ते हेच करत आले होते! एकदा धार लागली की टाकी रिकामी झाल्याशिवाय थांबत नाही. त्यांनी नळी चिमटीत दाबली. फार उशीर झाला होता. दप्तराचं वजन आता रुमालाएवढं.

झाडाआड उभं राहून काकांनी आपली परिस्थिती तपासली. खरं सांगावं, तर नळवाल्याची स्वतःची टाकी गळली हे घड्याळजीच्या तोंडी. न सांगावं, तर नळवाल्याचा स्वतःचाच नळ गळतो हे घड्याळजीच्या तोंडी. बरं, दुसऱ्या प्रकारात पिशवी पिऊन रिकामी झालेली ठरत होती. आणि रिकामी पिशवी म्हणजे यादीत नाव.

काका झाडाआडून बाहेर आले ते छाती काढून.

माथ्यावर सगळ्यांनी डबे सोडले. काकांची जीभ टाळ्याला चिकटलेली. घास तोंडात फिरत राही, खाली उतरायचं नाव नाही. मास्तरीणबाईंची नजर वळली की ते बोंडूक तोंडात धरून गाल आत ओढायचे.

"काका, पाणी?"

"चालू आहे!"

आत नुसता वारा शिट्टी घालत होता. शेवटी काकांना शेजारच्या डब्यात काकडी दिसली. ती संपवली. मग पलीकडच्या डब्यातली. मग घड्याळजीच्या डब्यातली, न विचारता.

"काकडी एवढी कधीपासून आवडायला लागली?"

"डोंगरावर चांगली लागते."

त्या साडेतीन काकड्यांवर काका डोंगर उतरले. पायथ्याशी मास्तरीणबाईंनी दप्तरातून लटकता काटा काढला. एकेकाची पिशवी काट्याला लागली. कुणाची अर्धा किलो भरली, कुणाची पाऊण. घड्याळजीची तर किलोभर.

"तू काय पाणी फिरवून आणायला गेला होतास का?" बाई त्याच्यावर खेकसल्या. मग काकांची पिशवी लागली. काटा हललाच नाही.

"शून्य!" बाईंनी काटा उंच धरून सगळ्यांना दाखवला. "बघा! महिन्यापूर्वी जो माणूस खडकाला वहिनी म्हणत होता, त्यानं शेवटचा थेंब सोडला नाही. नाव पक्कं." मग आवाज उतरवून त्या काकांच्या कानाशी म्हणाल्या, "सवय नसली की सुरुवातीला सांभाळता येत नाही शरीराला. मी सगळ्यांना ताकीद दिलीय, कुणी हसायचं नाही."

सगळ्यांना! काकांनी घड्याळजीकडे बघितलं. घड्याळजी आभाळ बघत होता.

इथवर सगळं निभावलं असतं. पण आभाळ बघून झाल्यावर घड्याळजीची नजर पिशवीवर गेली. "ही बारीक नळी कसली? आमच्या पिशव्यांना नाही."

आता काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण दिवसभराच्या मायेनं ते इतके घायाळ झाले होते की कुणीतरी त्यांच्या हाताच्या कामाबद्दल विचारलं, एवढ्यानंच त्यांचा ताबा सुटला.

"हवेची नळी आहे ती. माझी रचना. पाणी कसं सुरळीत येतं."

"म्हणून इतकं पाणी गेलं!" बाई म्हणाल्या. "काका, आठवडाभरात सगळ्यांना बसवून द्या. कड्यावर दुसऱ्या दिवशी उन्हात पाणी ओढताना कुणाचा दम जायला नको."

आणि काका घरी आले ते पाठीवर एक रिकामी पिशवी आणि हातातल्या गोणपाटात दहा पिशव्या घेऊन.

ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि नळाखाली पेला धरला. एक, दोन, तीन, चार, पाच. काकू दारात उभ्या राहून मोजत होत्या.

"आज दोन लिटर प्यायलात ना? मग हा दुष्काळ कुठून आला?"

"चढण होती."

"आणि घड्याळजींचा फोन आला होता. फार हळवे झाले होते. म्हणाले, वहिनी, त्याला काही बोलू नका, रबरी चादर घाला."

काकांनी सहावा पेला भरला. काकूंनी खुर्चीवर टाकलेली पँट उचलली, नाकाजवळ नेली, पुन्हा नेली.

"हे तर पिण्याचं पाणी आहे."

मग काकांना सगळं सांगावंच लागलं. काकू टेबलाचा आधार घेऊन हसल्या, मग खुर्चीत बसून हसल्या, मग डोळे पुसून चमच्यांचा खण उघडला आणि कागद काढून वाचला, "रबरी तोंड दातांनी हलकेच दाबून पाणी ओढावे."

"हे तुला माहीत होतं?"

"त्या दिवशीपासून."

"आणि तू बोलली नाहीस!"

"तुम्ही छिद्र आधीच पाडलं होतं. मला वाटलं, असेल काहीतरी तुमच्या शास्त्रात."

काकांनी आपली पिशवी पुन्हा भरली, हवेची नळी बोटानं बंद केली, पिशवी बेसिनवर टांगली आणि खालच्या नळीचं बोंडूक चिमटीत दाबलं. पाणी कसलीही तक्रार न करता आलं. पिशवी हळूहळू आत बसत गेली, दात काढलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखी. काका बघत राहिले. गच्चीवरची टाकी कडक असते, तिला आत येता येत नाही, म्हणून तिला हवा लागते. ही मऊ होती. जेवढं पाणी जाईल तेवढी ती स्वतःच आत येत होती. तिला हवेची गरजच नव्हती.

"गोणपाटात काय आहे?" काकूंनी विचारलं.

पुढचे दोन दिवस काकांच्या घरात दहा पिशव्या दोरीवर लटकत होत्या. छिद्रं पाडायची की नाही हे ठरेना, म्हणून काकांनी तोवर त्या धुवायला घेतल्या. घाणेरडा पाइप समोर असताना त्यांना झोप लागत नसे. कुणाच्या नळीत हिरवट शेवाळ, कुणाच्या झाकणाच्या आट्यांत काळी बुरशी. घड्याळजी पाण्यात सरबत घालत असे. त्याची नळी आतून गोड चिकट झाली होती आणि तिच्यात एक मुंगी कायमची राहायला आली होती. काकांनी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पिशव्या भरून ठेवल्या. लांब दोऱ्याला फडक्याची गाठ मारून ती नळीतून आरपार ओढली, गाठ पांढरी बाहेर येईपर्यंत. बोंडकं काढून जुन्या ब्रशनं घासली. मग पिशव्या धुऊन उलट्या टांगल्या आणि आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकीत काकूंचा एकेक डाव, झारा, रवी घातली.

"आज वाढू कशानं?" काकूंनी विचारलं.

"वाटीनं."

मंगळवारी काकांना एक युक्ती सुचली. "बाहेरून नुसती नळी चिकटवतो. छिद्र पाडायचंच नाही. दिसायला हवेची नळी, कामाला काही नाही. कुणाचं पाणी जाणार नाही आणि माझी अब्रूही."

"म्हणजे शोभेचा नळ."

"हं."

"चाळीस वर्षांत असे किती बसवलेत?"

काकांनी सोल्यूशनची डबी उघडली.

"आणि तुमच्या स्वतःच्या पिण्याचं काय?" काकू पुढे म्हणाल्या. "रविवारी चार घोटांवर आलात. तिकडे दुसऱ्या दिवशी कड्यावर चक्कर आली तर खाली काकडीवाला बसलाय?"

काकांनी मास्तरीणबाईंची पिशवी समोर घेतली. आधीच स्वच्छ होती, शिट्टीसारखी. तिला चिकटवायची नळी त्यांनी एकदा लावून बघितली, वाकडी वाटली, काढली. पुन्हा लावली. हाताला सवय नव्हती. काम खोटं असलं की कुठे पकडायचं तेच त्यांना कळत नव्हतं. अर्ध्या तासानं त्यांनी डबी मिटली आणि दहाच्या दहा पिशव्या गोणपाटात भरल्या.

बुधवारी शाळेच्या खेळसाहित्याच्या खोलीत मंडळी जमली. बाईंकडे त्या खोलीची किल्ली अजून होती. दोरीच्या उड्यांचे दोर, हवा गेलेले चेंडू आणि त्यांच्यामध्ये बाकावर सगळे दाटीवाटीनं. काकांनी सगळ्यांसमोर आपली पिशवी भरून खिळ्याला अडकवली.

"बसवल्या का नळ्या?" बाईंनी विचारलं.

"नाही. आधी हे बघा."

त्यांनी हवेची नळी खाली ओढली, तोंडानं एकदा ओढ दिली आणि सोडली. धार थेट फरशीवर. बाकावरच्या मंडळींनी पाय वर घेतले. पिशवी आत आत बसत गेली आणि चिपाड झाली.

"रविवारी हे झालं. पँट भिजली ती यानं. पाणी मी प्यायलोच नाही."

मग घड्याळजीचा आवाज आला, खरोखरच दुखावलेला. "म्हणजे ते... ते नव्हतंच?"

"नव्हतं."

"अरे मी तुझी डॉक्टरची वेळ घेतली! शुक्रवारची! आणि हे बघ." त्यानं पिशवीतून इलॅस्टिकची एक ढगळ पँट काढली. "मेव्हण्याकडून मागून आणली. धुतलेली आहे."

"तूच घाल. तुझ्या नळीतून मुंगी निघाली, ती आजवर पोटात कशी गेली नाही ते डॉक्टरला विचार शुक्रवारी."

मग मात्र खोलीत जो हशा उसळला तो थांबेना. एक चेंडूसुद्धा फळीवरून खाली आला. बाईंनी शिट्टी मारली.

"काका. किती प्यायलात?"

"चार घोट."

"आणि?"

"साडेतीन काकड्या."

बाई हसल्या नाहीत. "त्या नळ्या तुम्ही बसवल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही खडकाशी बोलत असता आणि आम्ही दहा जण रांगेत उभे असतो, त्याच खडकाशी बोलायला." त्यांनी वही उघडली आणि काकांच्या नावावर आडवी रेघ मारली. तेवढ्यात त्यांनी हातातली आपली पिशवी नाकाशी नेली. नळीतून आरपार बघितलं. बाकीच्यांनीही आपापल्या नळ्या डोळ्याला लावल्या. "ह्या कुणी धुतल्या?"

"मी."

"पिशवीचं सगळं कळतं तुम्हाला. फक्त प्यायचं सोडून."

"बाई," काका म्हणाले, "मधे अजून एक रविवार आहे."

"मग?"

"मला वरून बघायचंय." एवढंच त्यांना म्हणता आलं. घड्याळजी काहीतरी बोलायला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तोंड मिटलं.

बाईंनी वही मिटली. "माझ्या पुढे चालायचं. शिट्टी वाजली की तीन घोट. लपवाछपवी नाही, काकडी नाही."

छिद्र काकांनी सायकलच्या ट्यूबच्या ठिगळानं बुजवलं आणि वर दगड ठेवून दोन दिवस दाबलं. रविवारी पहिल्या वळणावर शिट्टी वाजली. काकांनी बोंडूक हलकेच चावलं आणि तीन घोट घेतले. दुसरी शिट्टी, तीन घोट. चौथ्या शिट्टीला पोट तट्ट फुगलं. सहाव्या शिट्टीनंतर काकांनी करंगळी वर केली.

"जा," बाई म्हणाल्या.

काका झुडपाआड गेले. दहा जण उभे राहिले. पुढच्या वळणावर पुन्हा करंगळी. मग पुन्हा. चाळीस वर्षं बंद असलेली लाइन चालू झाल्यावर जे होतं तेच झालं. मंडळी माथ्यावर पोचली तेव्हा रोजच्यापेक्षा एक तास उशीर झाला होता. पण काकांचे पाय हलके होते आणि जीभ टाळूला चिकटली नव्हती. दम न लागता एवढी चढण आपण कधी चढलोय, हे त्यांना आठवेना. माथ्यावर ते बसले नाहीत. कडेला जाऊन खाली पसरलेली छपरं बघत राहिले. प्रत्येक छपरावर एकेक टाकी. लांबून मणी सांडल्यासारख्या दिसत होत्या.

पायथ्याशी काट्यानं शंभर ग्रॅम दाखवले. काकांनी पिशवी काट्यावरून काढली, बोंडूक तोंडात धरलं आणि सगळ्यांसमोर पिशवी चिपाड होईपर्यंत पाणी ओढलं. मग त्यांनी पिशवी बाईंच्या हातात दिली, घाईघाईनं करंगळी दाखवली आणि एका मोठ्या खडकाआड नाहीसे झाले.

बाईंनी वही काढली. रेघेखाली, नव्या ओळीवर, काकांचं नाव लिहिलं.

"म्हणजे तीन दिवस," घड्याळजी कळवळून म्हणाला, "याच्यासाठी दर अर्ध्या तासाला थांबायचं?"

"थांबायचं."

"सूर्य मावळेल!"

"मावळू दे. उद्या परत येतो तो." बाईंनी वही मिटली आणि खडकाच्या दिशेनं तोंडाजवळ हात नेऊन हाक मारली, "काका! नाव लिहिलं!"

"ऐकलं!" खडकाआडून आवाज आला. "थांबा जरा, अजून वेळ आहे!"

मंडळी एकेक करून दगडांवर टेकली. घड्याळजीनं मनगटावरच्या घड्याळात बघितलं, सुस्कारा सोडला आणि आपल्या स्वच्छ नळीतून तीन घोट घेतले.